वर्गणीचें बळ आणि एकजुटीचा हिशेब

राजकारण हें पैसेवाल्यांचें काम, शेतकऱ्यानें त्यांत पडूं नये, असा समज आपल्या खेड्यापाड्यांतून पुष्कळ दिवस रूढ आहे. कायदे मुंबईस किंवा दिल्लीस होतात, ते करणारे वेगळे, त्यांच्यापुढें गाऱ्हाणें नेणारे वेगळे. आपलें काम काय तें पेरणें, काढणें आणि मागितलें तें भरणें, असें मानून बहुतेक मंडळी स्वस्थ बसतात. हा समज खरा असता, तर कसणाऱ्याच्या बाजूचा एकही कायदा ह्या देशांत झाला नसता. जे थोडेफार झाले, त्यांच्यामागें शेतकऱ्यांची एकजूट होती. आणि त्या एकजुटीस जो खर्च लागला, त्यांतील बराचसा आण्या-दोन आण्यांच्या वर्गणीनें आणि घरोघरच्या शिध्यानें उभा राहिला.

ही लहान वर्गणी काम कशी करते, ती कोठें फसते आणि ती सांभाळावी कशी, हें उदाहरणें देऊन सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालों आहों. आमचें शिक्षण मराठी शाळेपुरतें; तेव्हां मोठ्या सिद्धांतांत आम्ही शिरत नाहीं. परंतु दप्तर कसें चालतें, नोटीस कशी निघते आणि पावतीच्या एका चिटोऱ्यावर माणसाचा विश्वास कसा टिकतो किंवा उडतो, हें आम्हीं जन्मभर पाहिलें आहे. त्याच बाजूनें हा विषय मांडतों.

एकट्याचें कां चालत नाहीं

प्रथम जुन्या मुंबई इलाख्याचा जमीन महसुलाचा कायदा पाहूं. हा कायदा १८७९ सालचा. सारा वेळेवर भरला नाहीं, तर थकबाकीच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत दंड बसे. त्यास लोक चौथाई म्हणत. मागणीची नोटीस निघे. पुढें घरांतील चीजवस्तु व गुरेंढोरें जप्त करून लिलावांत काढतां येत. जमीन सरकारजमा करतां येई. खातेदारास अटकेंतही ठेवतां येई. सारा जास्त बसला म्हणून दिवाणी कोर्टांत जावें, तर १८७६ च्या दुसऱ्या एका कायद्यानें तोही दरवाजा बंद केलेला होता. म्हणजे सारा ठरविणारें सरकार, वसूल करणारें सरकार, आणि तक्रार ऐकणारेंही तेंच.

अशा यंत्रापुढें एकटा शेतकरी उभा राहिला, तर काय होईल? त्याची एक म्हैस जाईल, दोन भांडीं जातील, आणि चार दिवसांत तो भरून मोकळा होईल. जप्तीस एक पट्टेवाला आणि दोन पंच पुरतात. परंतु तीच नोटीस एका तालुक्यांतील हजारों खातेदारांस एकदम काढावी लागली, तर हिशेब पालटतो. तितके पट्टेवाले नसतात, तितके पंच मिळत नाहींत, जप्त केलेलीं गुरें बांधण्यास कोंडवाडे पुरत नाहींत आणि लिलावांत बोली करण्यास माणूस उभें राहत नाहीं. कोणतीही वसुली चालते ती नव्वद लोक मुकाट्यानें भरतात म्हणून. दहांकडून बळानें घेतां येतें, नव्वदांकडून येत नाहीं. एकजुटीचें सगळें गणित ह्या एका गोष्टींत आहे.

बारडोलीचा आकडा

हें गणित प्रत्यक्ष मांडलें गेलें तें सुरत जिल्ह्यांतील बारडोली तालुक्यांत, १९२८ सालीं. तालुक्यांत १३७ गांवें, वस्ती सुमारें ८७ हजार. कापूस आणि ज्वारी हीं मुख्य पिकें. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणी व्हावयाची, त्याप्रमाणें १९२५-२६ सालीं चौकशी झाली. तालुक्याचा जुना सारा सुमारें ५ लाख १४ हजार रुपये होता. तो ६ लाख ७२ हजारांवर न्यावा, म्हणजे शेंकडा सुमारें तीस वाढवावा, अशी जमाबंदी अधिकाऱ्याची शिफारस झाली. वरच्या अधिकाऱ्यानें ती सुमारें २९ वर आणली, आणि शेवटीं सरकारनें १९२७ सालीं शेंकडा २२ वाढ कायम केली.

वाढीस आधार काय? भाव चढले, रेल्वे आली, दुभतीं जनावरें वाढलीं, पक्कीं घरें झालीं, जमिनींचे खंड वाढले, असे मुद्दे पुढें केले होते. ह्यांपैकीं खंडाच्या मुद्द्यावर वरच्या अधिकाऱ्याची मुख्य भिस्त. शेतकऱ्यांचें म्हणणें असें, कीं खंडानें दिलेल्या जमिनीचे आंकडे नीट न पडताळतां घेतले आहेत. भाव चढले ते महायुद्धानंतरच्या थोड्या वर्षांचे. आणि घरें व गुरें हीं पुष्कळांनीं परदेशांत राबून किंवा कर्ज काढून केलीं आहेत. नरहरि परीख ह्यांनीं सारे कागद तपासून सरकारी आंकड्यांतील दोष छापून दाखविले. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी, ती ही कीं, लढ्याच्या आधीं हिशेब झाला. नुसतें ‘आम्हांस परवडत नाहीं’ असें ओरडून भागलें नाहीं. कोणता आंकडा कां चुकला, हें बोट ठेवून दाखविलें गेलें.

गांवकऱ्यांनीं वल्लभभाई पटेल ह्यांस बोलाविलें. त्यांनीं लगेच होकार दिला नाहीं. जमिनी जातील, घरें उघडीं पडतील, तुरुंगांत जावें लागेल, हें सर्व पुन:पुन्हां विचारून घेतलें, लोकांस विचार करण्यास मुदत दिली, आणि मगच १२ फेब्रुवारी १९२८ रोजीं सभेंत ठराव झाला: नि:पक्षपाती चौकशी होईपर्यंत, किंवा जुना सारा पूर्ण वसूल म्हणून घेण्यास सरकार तयार होईपर्यंत, कोणीं सारा भरावयाचा नाहीं. हिंदूंनीं ईश्वराची आणि मुसलमानांनीं खुदाची शपथ घेतली. मागणी किती नेमकी होती तें पाहावें. सारा माफ करा असें कोणी म्हणाला नाहीं. चौकशी करा, एवढेंच मागणें. आणि त्या मागण्यास कोणीही समंजस मनुष्य अयोग्य म्हणूं शकला नाहीं.

पुढील सहा महिने काय झालें तें पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. चौथाई लागली, जप्त्या निघाल्या, जप्तीसाठीं बाहेरून पठाण आणले गेले, हजारों नोटिसा लागल्या, जमिनी सरकारजमा झाल्या. गांवच्या वेशीवर पहारे बसले. जप्तीवाले येतांना दिसले कीं ढोल वाजे, आणि घरांस कुलुपें लागत. म्हशी महिनोन्महिने घरांत कोंडून राहिल्या. पाटलांनीं आणि तलाठ्यांनीं राजीनामे दिले. १२ जून रोजीं देशभर बारडोली दिन पाळला गेला. शेवटीं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत तडजोड झाली: वाढीव रकमेची भरणा एका त्रयस्थ गृहस्थानें करावी, शेतकऱ्यांनीं जुना सारा भरावा, चौकशी नेमावी, जमिनी परत द्याव्या, कैदी सोडावे आणि तलाठ्यांस पुन्हां घ्यावें. चौकशी ब्रूमफील्ड व मॅक्सवेल ह्या दोन अधिकाऱ्यांकडे गेली. ह्यांतील ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ सालीं गांधीजींस सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. त्यांनीं गांवोगांव फिरून, साक्षी घेऊन १९२९ सालीं कळविलें, कीं खंडाचे आंकडे विश्वासार्ह नव्हते, आणि वाढ फार तर शेंकडा सहाच्या आसपास असावी.

हा फरक घरच्या हिशेबांत उतरवून पाहूं. ज्याचा सारा २० रुपये, त्यास २२ टक्क्यांनीं वर्षास सुमारें ४ रुपये ६ आणे अधिक भरावे लागले असते. सहा टक्क्यांनीं सुमारें १ रुपया ३ आणे. वर्षाची बचत तीन रुपयांवर, आणि तीस वर्षांच्या मुदतींत ९६ रुपयांच्या घरांत. एका लहान खातेदारास ही रक्कम त्या काळीं थोडी नव्हती.

पैसा कोठें लागला

आतां मुख्य प्रश्न. सहा महिने एवढा लढा चालला, त्यास पैसा किती व कशाकरितां लागला? पुष्कळांची कल्पना अशी असते, कीं ज्यांचें नुकसान झालें त्यांस फंडांतून भरपाई मिळाली असेल. लढा त्या भरंवशावर उभा नव्हता. जप्तींत गेलेली म्हैस ही शेतकऱ्याची स्वत:ची वर्गणी होती. आणि ही सर्वांत मोठी वर्गणी पावतीपुस्तकांत कधींच येत नाहीं. फंड लागला तो संघटनेस. तालुक्यांत ठिकठिकाणीं छावण्या घातल्या होत्या आणि प्रत्येकीवर जबाबदार माणूस नेमला होता. रविशंकर व्यास, जुगतराम दवे, डॉ. सुमंत मेहता, अब्बास तय्यबजी अशीं तीं माणसें. छावणीवरच्या स्वयंसेवकांचा शिधा, ये-जा करण्याचा खर्च, आणि रोज निघणारी ‘सत्याग्रह पत्रिका’ छापण्याचा कागद व छपाई, हीं खर्चाचीं मुख्य खातीं.

पत्रिकेवरचा खर्च कोणास चैन वाटेल. तसें नव्हे. १३७ गांवांत आज कोण भरून मोकळा झाला, कोणाची जमीन गेली, अशा अफवा रोज उठत. आणि ‘अमक्या गांवानें भरलें’ एवढी एक खोटी बातमी शेजारचीं पांच गांवें मोडण्यास पुरते. खरी बातमी रोज सकाळीं गांवांत पोंचविणें म्हणजे गांवाभोंवतीं कुंपण घालणें होतें. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन पटेल ह्यांच्यासारख्या स्त्रिया घरोघर फिरल्या नसत्या, तर जप्तीच्या वेळीं चुलीजवळचें माणूसच आधीं घाबरलें असतें. म्हणून फंडाचा पहिला उपयोग भरपाई नव्हे. बातमी, भेटीगांठी आणि माणसांची ये-जा हा होय.

एक आण्याचा अर्थ

पैसा आला कोठून? मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल ह्यांनीं लढा चालेपर्यंत दरमहा हजार रुपये देण्याचें जाहीर केलें. देशांतून व परदेशांतल्या हिंदी लोकांकडूनही मदत आली. परंतु आमचें लक्ष वेधतें तें दुसऱ्याच एका नोंदीकडे. अहमदाबादच्या गिरणी कामगारांनीं एक-एक आणा गोळा करून हजार रुपयांवर रक्कम धाडली. रुपयाचे आणे सोळा. म्हणजे नुसत्या हजार रुपयांमागें सोळा हजार आणे. एका श्रीमंतानें हजार दिले तर एक माणूस आपल्या बाजूस आला. एक आण्याप्रमाणें हजार जमले तर सोळा हजार वेळां कोणी तरी हात खिशांत घातला. सरकारच्या दृष्टीनें ह्या दोन हजारांत महदंतर असतें. पहिल्यास दडपतां येतें, समजावतां येतें, पदवी देऊन गप्प बसवितां येतें; दुसऱ्यास नाहीं.

लहान वर्गणीचे गुण येथें एकत्र सांगतों. पहिला, ती मोजणी आहे: आपल्या बाजूस किती लोक आहेत, हें सभेंतल्या टाळ्यांवरून कळत नाहीं, पावत्यांवरून कळतें. दुसरा, ती गुंतवण आहे: ज्यानें आणा दिला तो दुसऱ्या दिवशीं ‘काय झालें?’ म्हणून विचारतो. न देणारा विचारीत नाहीं. तिसरा, ती स्वातंत्र्य आहे: एका मोठ्या देणगीदारावर चालणारी चळवळ त्याचें मन फिरलें कीं थांबते, हजारोंच्या पैशावर चालणारी थांबत नाहीं. चौथा, ती सराव आहे: जें गांव पावती फाडण्यास, हिशेब लिहिण्यास आणि तो चावडीवर वाचण्यास शिकलें, त्या गांवास मोठें काम अंगावर घेण्याची छाती होते.

आपल्याकडे ही रीत नवी नाहीं. अंताजी दामोदर काळे ह्यांच्या पैसा फंडांतून तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि घराघरांतील बायांनीं रोजच्या दळणांतून बाजूस काढलेल्या मुठीमुठीच्या धान्यानें तिचीं वसतिगृहें जगलीं. १९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडासाठीं ३० जूनच्या आंत एक कोटि रुपये जमविण्याचें ठरलें आणि तें साधलें. मात्र त्यांतील फार मोठा वाटा एकट्या मुंबईचा होता. ज्या ठिकाणीं पैसा शहरांतून अधिक येतो, त्या ठिकाणीं खेड्याचा शब्द कमी चालतो, हेंही ह्या आंकड्यानें शिकावें.

चरीचा संप

बारडोलीचे शेतकरी बहुतेक खातेदार होते. जमीन त्यांच्या नांवावर होती. ज्यांच्या नांवावर कांहींच नव्हतें, अशा कुळांनीं काय केलें, तें पाहण्यास अलिबाग तालुक्यांतील चरी ह्या गांवीं यावें. हा तेव्हांचा कुलाबा, आजचा रायगड जिल्हा. तेथें खोतांच्या जमिनी कुळें कसत. पिकाचा मोठा हिस्सा खोताकडे जाई आणि वर निरनिराळ्या बाबींची वसुली व वेठ असे. नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखालीं ऑक्टोबर १९३३ मध्यें चरी व आसपासच्या सुमारें पंचवीस गांवांनीं ठरविलें, कीं खोताची जमीन कसावयाचीच नाहीं.

हा संप सहा वर्षें चालला. सहा वर्षें जमिनी पडीक राहिल्या, आणि ज्यांनीं त्या पडीक टाकल्या तेच उपाशी राहिले. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून त्यांनीं दिवस काढले. येथें रोख फंड मोठा असणें शक्यच नव्हतें. कष्ट आणि उपास हीच वर्गणी. परंतु संघटना होती, आणि १९३७ सालीं ‘कृषीवल’ हें स्वत:चें पत्रही निघालें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजीं मुंबई कायदेमंडळांत खोती नाहींशी करण्याचें बिल मांडलें. जानेवारी १९३८ मध्यें हजारों शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस कायदेमंडळावर गेला.

ह्या हालचालींचा परिणाम कागदावर कसा उतरला तें क्रमानें सांगतों. १९३९ सालीं मुंबईचा कुळकायदा झाला आणि १ जानेवारी १९३८ पूर्वीं सहा वर्षें जमीन कसणाऱ्या कुळास ‘संरक्षित कूळ’ म्हणून मान्यता देण्यांत आली. त्याच वर्षीं जमीन महसुलाच्या कायद्यांतही दुरुस्ती होऊन फेरआकारणीची रीत कायद्यांत घातली गेली. बारडोलीच्या भांडणाचें मूळच तेथें होतें. १९४८ सालीं मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आला, १९४९ सालीं खोती नाहींशी करणारा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारीं कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. आज कोंकणांतील अनेक सात-बाऱ्यांवर जें नांव दिसतें, त्याच्यामागें हीं पंचवीस वर्षें आहेत. दप्तरांत फेरफार एका ओळींत होतो. ती ओळ लिहिली जावी म्हणून माणसें सहा-सहा वर्षें उपाशी राहिलेलीं असतात.

कोठें फसतें

यशाच्याच गोष्टी सांगणें हा वाचकांशीं अप्रामाणिकपणा होईल. मुळशी पेट्यांत धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापट व इतरांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह सुरू झाला. मावळ्यांनीं मार खाल्ला, तुरुंग भोगला. तरीही १९२४ च्या सुमारास लढा मोडला आणि धरण झालें. कारणें अनेक, त्यांतील एक ठळक. त्या भागांतील पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क होता. मोबदला चांगला मिळाला तर सावकारास जमीन गेल्याचें दु:ख नव्हतें. जो तेथें राहत होता आणि कसत होता, त्यास कोणताही मोबदला पुरणारा नव्हता. एकाच झेंड्याखालीं दोन हितसंबंध उभे होते, आणि त्यांतील एकास तडजोड परवडत होती. जेथें वर्गणीच्या यादींतील नांवें एका हिताचीं नसतात, तेथें फंड कितीही मोठा असो, तो उपयोगी पडत नाहीं.

बारडोलीचीही दुसरी बाजू आहे. साऱ्याची वाढ कमी झाली, त्याचा लाभ जमीन असणाऱ्यास झाला. त्या तालुक्यांत पाटीदारांच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या कर्जांत बांधलेले दुबळा जातीचे हाळी राबत. त्यांची स्थिति ह्या तडजोडीनें पालटली नाहीं. शेतकऱ्यांची संघटना म्हणजे कोणाची संघटना, हा प्रश्न तेव्हांही होता आणि आजही आहे. आपल्या सोसायटीच्या यादींत भूमिहीन मजुराचें नांव नसेल, तर अडचणीच्या वेळीं त्यानें आपल्याबरोबर उभें राहावें, ही अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

अलीकडचीं उदाहरणें

हें सर्व जुनें झालें, आज हें चालावयाचें नाहीं, असें कोणी म्हणेल. त्यांच्यासाठीं दोन ताजीं उदाहरणें देतों. मार्च २०१८ मध्यें नाशिकहून मुंबईपर्यंत हजारों शेतकरी पायीं चालत आले. त्यांत वनजमीन कसणारे आदिवासी मोठ्या संख्येनें होते. तांदूळ, पीठ, जळण हें त्यांनीं गांवांतून बरोबर आणलें होतें. शहराच्या लोकांनीं वाटेंत पाणी व अन्न दिलें, पण मोर्चा त्यावर अवलंबून नव्हता.

दुसरें उदाहरण दिल्लीच्या वेशीवरचें. सप्टेंबर २०२० मध्यें शेतमालाच्या व्यापाराविषयीं तीन कायदे झाले. त्यांच्याविरुद्ध पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशांतील शेतकरी नोव्हेंबरअखेर दिल्लीच्या सीमांवर येऊन बसले, ते वर्षभर उठले नाहींत. वर्षभर बसणें हें एका घरास शक्य नाहीं. म्हणून गांवोगांव पाळ्या लावल्या गेल्या. एक तुकडी आठ-दहा दिवस बसे, दुसरी शेती पाही. एकराप्रमाणें वर्गणी ठरली. ट्रॉल्यांतून पीठ, दूध, भाजी येत राहिली, आणि गुरुद्वारांची लंगरची जुनी रीत कामास आली. परदेशांतल्या पंजाब्यांनींही पैसा पाठविला. १९ नोव्हेंबर २०२१ रोजीं कायदे मागें घेण्याचें जाहीर झालें, २९ तारखेस संसदेनें ते रद्द केले, आणि डिसेंबरांत माणसें घरीं परतलीं. कांहींजण परतलेच नाहींत. किमान आधारभावाची कायदेशीर हमी ही दुसरी मोठी मागणी त्या वेळीं पदरांत पडली नाहीं. अर्धें मिळालें, अर्धें राहिलें. परंतु जें मिळालें तें पाळीनें आणि वर्गणीनें मिळालें, ह्यांत संशय नाहीं. बारडोलीचा वेशीवरचा पहारा आणि दिल्लीच्या वेशीवरची पाळी, ह्यांत ब्याण्णव वर्षांचें अंतर आहे. रीत एकच आहे.

फंडाचे नियम

आतां व्यवहाराचें सांगतों. आपल्या भागांत पाण्याचा, भूसंपादनाच्या मोबदल्याचा किंवा पीकविम्याचा प्रश्न उभा राहून गांवांनीं फंड काढण्याचें मनांत आणलें, तर पुढील गोष्टी सांभाळाव्या.

पहिली गोष्ट, आधीं हिशेब व मग हांक. मागणी एका वाक्यांत लिहितां आली पाहिजे आणि तिला कागदाचा आधार पाहिजे. सात-बारा, नोटिसा, पंचनामे, विम्याच्या पावत्या ह्यांच्या नकला गांववार लावून घ्याव्या. अर्धी लढाई ह्या गठ्ठ्यांत असते.

दुसरी, फंडाचा हेतु, मुदत आणि उरलेल्या पैशाची वाट ठरावांत आधींच लिहावी. काम संपल्यावर शिल्लक कोणाची, ह्यावरून जितक्या संघटना फुटल्या, तितक्या सरकारी दडपणानें फुटल्या नसतील.

तिसरी, दर एकराप्रमाणें असावा, पण सर्वांस देतां येईल असा. जिरायत व बागायत ह्यांत भेद करावा. भूमिहीनानें एक रुपया दिला तरी त्याचें नांव त्याच यादींत, त्याच अक्षरांत लिहावें, आणि सभेंत त्याचें मत खातेदाराइतकेंच मोजावें. ज्यास देववत नाहीं त्याच्याकडून एक दिवसाचें काम किंवा पायलीभर धान्य घ्यावें आणि त्याचीही पावती द्यावी.

चौथी, अनुक्रमांक छापलेलीं पावतीपुस्तकें वापरावीं, स्थळप्रत जपावी, रोकड एकाच्या हातीं ठेवूं नये. बँकेंत खातें काढून दोन सह्यांशिवाय पैसा निघूं नये. कीर्द रोजची रोज लिहावी. दर पंधरवड्यास जमाखर्च चावडीवर मोठ्यानें वाचून दाखवावा आणि भिंतीवर लावावा. पुढारी कितीही निर्मळ असो, त्यानें स्वत:च हिशेब मागण्याचा हट्ट धरावा. त्यांत त्याचेंच रक्षण आहे.

पांचवी, सोसायटीचा पैसा आणि लढ्याचा पैसा हीं दोन खातीं कधींही मिसळूं नयेत. सहकारी संस्थेची ठेव ही तिच्या सभासदांची ठेव आहे, ती कायद्यानें बांधलेली आहे. त्याचप्रमाणें निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या पक्षाची देणगी ही वेगळी बाब. शेतकऱ्यांच्या फंडांतून ती देऊं नये. एकदां असा पैसा गेला, कीं गांव मागणीवरून नव्हे, पक्षावरून दुभंगतें.

सहावी, शिस्त. न देणाऱ्यावर जुलूम करूं नये. बारडोलींत जमीन विकत घेणाऱ्यांवर व सरकारी जप्तीस मदत करणाऱ्यांवर बहिष्कार होता. परंतु त्यांचें अन्नपाणी व औषध तोडूं नये, असें गांधीजींनीं बजावलें होतें. कारकून, तलाठी, शिपाई हे हुकुमाचे ताबेदार असतात. त्यांच्या अंगावर जाऊन एकही हुकूम रद्द होत नाहीं. आमच्या अनुभवांत, ज्या गांवांत तलाठ्यास पाणी विचारून मग ठणकावून नकार दिला जाई, त्या गांवाचा नकार वरच्या कचेरींत अधिक गंभीरपणें लिहिला जाई.

शेवटची गोष्ट, तडजोडीची वेळ ओळखावी. मागणी चौकशीची होती, चौकशी मिळाली, बारडोली थांबली. विजयाच्या भरांत मागण्या वाढवीत गेलें, कीं वर्गणी देणाऱ्याचा विश्वास ढळतो. आणि थोडक्यांत सर्व सोडून दिलें, कीं पुढच्या वेळीं तो पुस्तक पाहूनच दार लावून घेतो.

कायदे बदलतात ते पुष्कळ हातांच्या धक्क्यानें. तो धक्का द्यावयाचा, तर हात आधीं एकमेकांच्या परिचयाचे असावे लागतात, आणि तो परिचय आणीबाणीच्या दिवशीं होत नाहीं. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती आहे, कीं संकट येण्याची वाट न पाहतां ह्या सुगीपासूनच आपापल्या गांवीं एक पावतीपुस्तक, एक कीर्द आणि दर पंधरवड्याची एक बैठक सुरू करावी. रक्कम लहान असूं द्यावी. यादी मात्र पुरी असावी, आणि तींत गांवचें एकही घर वगळलेलें नसावें.